खांबामागचा दुसरा अंक

सुमनबाईंचं नाव आधी घेते. कल्याणच्या नाट्यगृहाच्या कॅन्टीनमध्ये वडे तळणाऱ्या सुमनबाई. त्या नसत्या तर मालतीताईंबद्दल लिहायला मी बसलेच नसते. ताईंना मी शेवटी खोटं सांगितलं, एवढंच माझ्याजवळ उरलं असतं...

ताईंना जाऊन सव्वा महिना झाला. डोंबिवली पूर्वेला एका दुकानात मी साड्यांना फॉल-पिको करते. ताईंच्या शेजारच्या वहिनी सकाळी आल्या, काउंटरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "अगं, मालतीकाकू गेल्या. पहाटे, झोपेतच." माझा पाय मशीनवरून उचललाच गेला नाही, शिवण पार काठाबाहेर गेली. मनात पहिलं काय आलं ते लाज सोडून लिहिते. आपल्यामुळे तर नाही? कारण तीनच आठवड्यांपूर्वी मी त्यांना नाटकाला घेऊन गेलेले, त्यांच्या मुलाला न सांगता.

मी वाशीमकडची. नववीत शाळा सुटली, पुढे लग्नावरून घरात भांडण झालं आणि मी निघून आले. आई तेव्हा म्हणाली होती, "आता ह्या दारात उभी राहू नको." दहा वर्षं झाली, नाही राहिले. दिवा स्टेशनजवळ खोली घेतली, काम शिकले. ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्यांदा साडी घेऊन आल्या तेव्हा ती पेपरच्या पुरवणीत गुंडाळलेली होती. साडी बाजूला ठेवून मी पुरवणीच वाचत बसले. रागावतील असं वाटलं. तर दुसऱ्या आठवड्यात चार पुरवण्या घेऊन हजर! अट एकच, वाचलेलं त्यांना सांगायचं. "मला डोळ्यांनी दमायला होतं गं, तू सांग," असं म्हणायच्या. चष्मा लावून सुईत दोरा ओवून द्यायच्या, ते वेगळं.

मग त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. जिने बंद, गर्दी बंद. मुलगा मिलिंद पुण्याहून रोज फोन करायचा. आणि ह्या बाईंनी रविवारची चारच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढली. "मिलिंदला पिकोला जाते म्हणून सांगितलंय," म्हणाल्या. "खोटं कुठंय? पिकोवालीबरोबरच चाललेय ना!" मला हसू आलं नाही. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आपटली की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

नाटक एका आईचं होतं. मुलगी घर सोडून गेलेली, आई तिचं नावही काढत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी दारावरची बेल वाजते, बाहेर मुलगी उभी आहे हे आईला कळतं... आणि मध्यंतर. दिवे लागले तेव्हा ताईंचा चेहरा घामाने डबडबलेला. त्यांनी पर्समधली गोळी जिभेखाली ठेवली, मी त्यांना धरून बाहेर आणलं. कॅन्टीनमधून सुमनबाई धावत आल्या. "काय झायला गो?" म्हणत त्यांनी ताईंना खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवले, पुठ्ठ्याने वारा घातला. नाट्यगृहातल्या माणसाने डॉक्टरला बोलावू का विचारलं. ताई म्हणाल्या, "नको, आता बरं वाटतंय." घंटा झाली तशी मला म्हणाल्या, "तू आत जा. शेवट काय होतो ते मला कोण सांगणार?"

"ताई, मी नाही जाणार."

"मग मी जाते," म्हणत त्या उठायलाच लागल्या. सुमनबाईंनी मला ढकललं. "जा गो बाय, मी हाय ना हिच्याजवल!"

आत जाऊन बसले. अंधार झाला आणि लक्षात आलं, मांडीवर ताईंची पर्स आहे. गोळ्या तिच्यातच! तेवढ्यात पर्समधला ताईंचा फोन थरथरला. मिलिंद. उचलू? काय सांगू? थांबला, परत थरथरला. लोकांच्या पायांवर पाय देत मी बाहेर पळाले. दारातून बघते तर ताई गरम पाणी पीत होत्या, सुमनबाई कानाशी वाकून काहीतरी सांगत होत्या. समोर गेले तर मला परत आत पाठवतील, नाहीतर स्वतः उठतील. म्हणून मी खांबामागे उभी राहिले. हातात पर्स, पर्समध्ये हात, हातात गोळ्यांची डबी. पाऊण तास मी फक्त त्यांची छाती वर-खाली होताना बघितली. आतून एकदा हशा आला, नंतर बराच वेळ काहीच नाही, मग टाळ्या. गर्दी बाहेर पडली तशी मीही तिच्यात मिसळून पुढे आले.

सरळ घरी जाऊ म्हटलं, तर जेवायचं ठरलंय म्हणाल्या. आधी मी त्यांना मिलिंदला फोन लावायला लावला. "दमलेय रे, उद्या बोलते," एवढंच त्या त्याला बोलल्या. घराजवळच्या उडपी हॉटेलात त्यांनी स्वतःला दहीभात आणि मला मसाला डोसा मागवला. "हं, सांग. मग काय झालं?"

मी डोशाचा तुकडा मोडला. खरं सांगितलं असतं तर माझ्यामुळे तुझं नाटक बुडालं म्हणून हळहळल्या असत्या. मी म्हटलं, "आई बराच वेळ बसून राहते... मग उठते. दार उघडते. रडत नाही, ओरडत नाही. म्हणते, हातपाय धू, भाकरी गरम आहे."

ताईंचा चमचा थांबला. "आणि मुलगी?"

"ती धुते हातपाय... मग पडदा."

"भाकरी," एवढंच म्हणाल्या. मग माझ्या पानात चटणी वाढत म्हणाल्या, "बरा आहे शेवट. असाच असू दे."

त्या गेल्यावर मिलिंदला भेटून मी सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "आईने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं मी तिला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मागच्या रविवारी सुमनबाईंना सांगायला म्हणून कल्याणला गेले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग एकदम हसल्या. "तुजी चप्पल दिसत व्हती खांबामागशी! मी हाक मारनार, तं तुजी ताई बोलली, राहू दे, उभी राहू दे तिला."

दर रविवारी दारातून कानावर पडून ते नाटक सुमनबाईंना पाठ झालेलं. शेवट त्यांनी ताईंना तेव्हाच सांगून टाकलेला. "म्हातारी दार उघडीतच नाय गो. पोरगी निघून जाते." तेव्हा ताई त्यांना म्हणालेल्या, "तिला हे सांगू नका. ती काय सांगते ते मला ऐकायचंय."

ताईंची अबोली रंगाची साडी अजून दुकानात आहे. फॉल अर्धा लावलाय, पुढच्या नाटकाला नेसणार होत्या. मिलिंद म्हणाला, तुमच्याकडेच ठेवा. ह्या दिवाळीत ती नेसून वाशीमला जाईन म्हणते. दार उघडेल की नाही, ठाऊक नाही... पण बेल वाजवीन.

आणि सुमनबाई, इतकी वर्षं तुम्ही नाटकं नुसती कानांनी बघितलीत. एक दिवस दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, ताई बसल्या होत्या ती, तुमच्यासाठी धरीन. वडे मी तळीन, काउंटर मी सांभाळीन. बाहेर येऊन शेवट मात्र तुम्ही मला सांगायचा. जो खरा असेल तो.