ओतिलियाबाईंचे शनिवार

ओतिलिया नाउएल्किन यांनी आमच्या दक्षिणेकडच्या बेटावरल्या अचाओ गावच्या बंदर-कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली. काम एकच. भरती किती चढली, ओहोटी किती उतरली, धुकं कधी आलं नि कधी उठलं, हे वहीत लिहायचं आणि आज बोटी सोडाव्यात की नाही ते साहेबाला सांगायचं. साहेब बदलत गेले, बाई तिथंच राहिल्या. निवृत्त झाल्यावरही त्या रोज सकाळी धक्क्यावर जाऊन पाणी बघून यायच्या आणि येताना हात शेकायला आमच्या वाचनालयातल्या शेगडीपाशी थांबायच्या. हे वाचनालय मी सांभाळते.

मुख्य भूमीवरच्या एका कॉलेजचं पत्रक माझ्याकडे आलं होतं. एकाच कामात तीस वर्षं काढलेली माणसं त्यांना हवी होती. दर शनिवारी तासभर त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याशी ऑनलाइन बोलायचं, पुढं काय करावं याची दिशा द्यायची. मी बाईंना अर्धवट विचारलं आणि पूर्ण अर्ज भरून टाकला.

"मी कॉलेजची पायरी चढले नाही, रोसाउरा. मी कुणाला काय सांगणार?" त्या म्हणाल्या.

"बोटींना सांगतच होतात की."

त्या नुसत्या हुंकारल्या. पण शनिवारी अकराच्या आधी आल्या, त्या केस धुऊन, वेणी घालून, कानात चांदीचे डूल घालून. मी त्यांना खिडकीजवळच्या संगणकापाशी बसवलं. बाहेर ओहोटी होती. पाणी इतकं मागं गेलं होतं की होड्या वाळूत कुशीवर झोपल्या होत्या.

पहिला मुलगा मुख्य भूमीवरच्या ताल्का शहरातला होता. फाब्रित्सिओ. त्याला दूरच्या एका जहाज-दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळत होतं, पण त्यासाठी शिक्षण अर्धवट सोडावं लागणार होतं. जहाजं म्हटल्यावर बाईंना आपलं घर आल्यासारखं वाटलं असावं. जा, असं काम पुन्हा मिळायचं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तो गेला. सहा महिन्यांत कारखाना बंद पडला. कॉलेजनं त्याला परत घेतलं, पण वर्ष वाया गेलं. त्यानं बाईंना पत्र लिहिलं. त्यात शिव्या नव्हत्या. एक वाक्य मात्र बाईंनी मला दोनदा वाचायला लावलं: 'तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात की मी स्वतःला विचारायचंच विसरलो.'

त्यानंतर पूर्ण हिवाळाभर बाई वाचनालयाकडे फिरकल्या नाहीत. धक्क्यावरून परस्पर घरी जायच्या. मी किसलेल्या बटाट्याच्या गरम भाकऱ्या घेऊन दोनदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी माते, म्हणजे कडसर पाल्याचा चहा, पाजला, हवेबद्दल बोलल्या, बाकी काही नाही.

सप्टेंबरात, आमच्याकडचा वसंत आला तेव्हा, कॉलेजनं पुन्हा विचारलं. एक मुलगी होती, नायारेत कोल्के, मूळची उत्तरेकडच्या वाळवंटातल्या कालामाची, किनाऱ्यावरच्या आन्तोफागास्तात खाणकामाचं शिकणारी. दोन मार्गदर्शकांनी तिला सोडून दिलं होतं, कारण ती बोलतच नसे.  बाई म्हणाल्या, "न बोलणारी असेल तर बरी. मीही बोलणार नाही."

खरंच पहिले दोन शनिवार दोघी जवळजवळ गप्प होत्या. पडद्यावर एक लांबट, सावळा चेहरा, मागं पिवळी भिंत. तिसऱ्या शनिवारी बाईंनी विचारलं, "काय स्वप्न पडलं?" आमच्या बेटावर चुलीपाशी सकाळी हेच आधी विचारतात, त्यात विशेष काही नाही. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं.

तिनं सांगितलं की तिला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. वडील ज्या तांब्याच्या खाणीत ट्रक चालवतात, ती उघडी खाण, पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेली. तळातून पाणी वर येतं. गढूळ नाही, अगदी स्वच्छ. एकेक पायरी बुडत जाते आणि कुणी पळत नाही. ट्रक हळूहळू तरंगायला लागतात, दिवे लावलेले, आणि वडील खिडकीतून हात बाहेर काढून पाण्यात बोटं फिरवतात.

"भीती वाटते?" बाईंनी विचारलं.

"नाही. जाग आली की वाईट वाटतं, पाणी गेलं म्हणून."

त्या दिवशी बाईंनी मला सांगून फोनवरून तिला खिडकीबाहेरची खाडी दाखवायला लावली. भरती येत होती. वाळूवर आधी नुसती चमक आली, मग त्या चमकेला कड फुटली, आणि झोपलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या. नायारेत श्वास रोखून बघत होती. आमच्याकडेही समुद्र आहे, पण तो असा घर सोडून जात नाही, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, पाणी परत येणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?

तिथून दोघींचं बोलणं सुरू झालं. बाई तिला चंद्र, वारा, किनाऱ्याचा उतार समजावून सांगत. ती आजीच्या गावाबद्दल सांगे. कालामाच्या पलीकडे, खडकांच्या कुशीत एक हिरवी रेघ. मका, लसूणघास, नासपतीची झाडं. लहानपणी आजीच्या विहिरीत वाकून हाक मारली की आवाज लगेच परत यायचा. आता हाक मारली की बराच वेळ काहीच येत नाही. त्या गप्पांच्या वेळी मी पुस्तकं लावायचं सोडून उभी राहत असे. इकडं पाऊस, तिकडं कोरडं ऊन, आणि मधल्या त्या लहानशा चौकोनात दोघी पाण्याबद्दल बोलतायत. मला वाटायचं, वाचनालयाची खिडकी वाळवंटात उघडते आहे.

डिसेंबरात अडचण उभी राहिली. नायारेतला उमेदवारीसाठी खाण निवडायची होती. वडिलांनी त्यांच्या खाणीत शब्द टाकून ठेवला होता. घरात पहिली इंजिनियर होणार म्हणून त्यांनी ट्रकच्या काचेवर तिचा फोटो लावला होता. आणि तिला ते शिक्षणच नको झालं होतं. तिनं बाईंना सरळ विचारलं, "सोडू का?"

बाई म्हणाल्या, "ते तुझं तू ठरव."

"ठरवता येत नाही म्हणून तर विचारते."

"मी सांगणार नाही, पोरी."

 मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मग तुम्ही कशाला आहात?" आणि पडदा काळा झाला.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाई मात्र यायच्या, वेणी घालून, डूल घालून, आणि काळ्या पडद्यासमोर तासभर बसायच्या. त्यात त्यांचाच चेहरा दिसायचा. मी एकदा म्हटलं, बाई, घरी जा आता. त्यांनी ऐकलं नाही.

तिसऱ्या शनिवारी बाहेर दाट धुकं होतं, धक्का दिसत नव्हता. बाई खिडकीकडे बघत अचानक बोलल्या, "धुक्यात बोट सोडू नका, असं मी कितीदा सांगितलं असेल. चार वेळा चुकले. धुकं तासात उठलं, आणि लोक दिवसभर धक्क्यावर मला नावं ठेवत बसले. म्हणून पाचव्यांदा मी तोंड बंद ठेवलं का?"

 त्यांनी मला ध्वनिमुद्रण चालू करायला सांगितलं.

त्यांचा निरोप मला जवळपास पाठ आहे. त्या म्हणाल्या, "नायारेत, मी घाबरले होते. तुझ्याआधी एका मुलाला मी चुकीचं सांगितलं, त्याचं वर्ष गेलं. तुझंही जाऊ नये म्हणून गप्प बसले, पण तो माझा भित्रेपणा होता. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते, चुकीचं असू शकेल. मी कॉलेज सोडलं नसतं. तिथं जमिनीखालच्या पाण्याचं कुणी शिकवतं का ते विचारलं असतं. आणि बापाला फोनवर सांगितलं नसतं. त्याच्या शेजारी बसून सांगितलं असतं. आता तू हे ऐक, बाजूला ठेव, आणि स्वतःला विचार."

उत्तर यायला जवळजवळ दोन महिने गेले. तोवर आमच्याकडचा जानेवारीचा भर उन्हाळा आला, पाहुणे आले, वाचनालयात ओल्या छत्र्यांऐवजी वाळूचे पाय आले.

फेब्रुवारीच्या शेवटी पडदा उजळला. नायारेत उन्हानं रापली होती, तळहातांवर फोड होते. आजीच्या गावात पाटांची सफाई असते, सगळं गाव फावडी घेऊन उतरतं, त्यासाठी ती वडिलांबरोबर गेली होती. शेजारी बसून बोलायचं ते जमलं नाही, म्हणाली. शेजारी उभं राहून गाळ काढताना बोलली. खाणीत जायचं नाही, पाण्याचं शिकायचंय, वर्गात अर्धं वर्ष मागं पडेन. वडील फावडं मारत राहिले. आपल्या वाट्याचा पाट संपल्यावर त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "पाणी खाणीलाही लागतं, तुझ्या आजीच्या मक्यालाही लागतं. कुणी मोजणारं असलं तर बरंच आहे." त्यानंतर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

"फोटो काढला का काचेवरून?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

सगळं सुरळीत झालं असं नाही. विषय बदलायला कॉलेजनं किती कागद मागितले, त्याचा हिशोब नव्हता. गणिताच्या एका पेपरात ती नापास झाली, आणि एका शनिवारी तासभर नुसती रडली. बाईंनी रडू दिलं. अधूनमधून त्या भरतीची वेळ सांगत, जणू तिलाही कुठं निघायचं होतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात बाईंनी फाब्रित्सिओला पत्र लिहिलं. माझ्याकडून लिहवून घेतलं नाही, स्वतः एका बोटानं एकेक अक्षर दाबत बसल्या. क्षमा मागितली, आणि तो कसा आहे ते विचारलं. त्याचं उत्तर तीन ओळींचं होतं. तो एका शाळेच्या कर्मशाळेत मुलांना वेल्डिंग शिकवतो. त्या कारखान्यात तेवढं एक शिकायला मिळालं होतं. राग कधीच गेला होता, पण तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, असं त्यानं म्हटलं होतं. बाईंनी ते पत्र छापून मागितलं, घडी केली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिलं. 

नायारेत आता वाळवंटात गावोगाव विहिरी मोजत फिरते. गाडीत मोजायची एक लांब फीत असते, तिच्या टोकाला छोटा खिळ्यासारखा तुकडा. तो पाण्याला लागला की वरचं यंत्र वाजतं. गेल्या महिन्यात तिनं बाईंना एक ध्वनिमुद्रण पाठवलं. फक्त आवाज. मी मोठ्यानं लावलं. वाचनालयात चार-पाच माणसं होती, सगळी थांबली.

सुरुवातीला वारा. मग फीत उलगडल्याची सरसर, एकसारखी, खाली खाली जाणारी. कितीतरी वेळ तेवढंच. बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काही येणार नाही. आणि मग एक बारीक, स्पष्ट सूर वाजला.

बाईंनी डोळे न उघडताच मला नायारेतला विचारायला सांगितलं, किती खोल?

उत्तर लगेच आलं. एक्केचाळीस मीटर.

"खोल आहे," बाई म्हणाल्या, "पण आहे."