विश्वाचा पापड

वरवे बुद्रुकमध्ये बसून अख्ख्या विश्वाची काळजी वाहणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा नसरापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत. विश्व फुगतंय हे त्यांना मान्य होतं. पण ते किती वेगानं फुगतंय यावर शास्त्रज्ञांचं एकमत होईना, याचा त्रास भोर तालुक्यात बहुधा त्यांनाच होत असे. शेअर रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या अनोळखी माणसाला ते सुनावत, "एका गटाचा आकडा धरला, तर विश्वाचं वय ताऱ्यांपरीस कमी भरतंय. बापापरीस पोरगं थोरलं! आता बोला!" तो माणूस "व्हय गुरुजी" म्हणून शिवऱ्याला उतरून जाई. मामांचं दुःख हेच होतं. माना सगळे डोलवत, प्रश्न कुणी विचारत नसे. एका बारशात त्यांनी पाळणा हलवता हलवता आकाशगंगेतलं न दिसणारं वस्तुमान समजावलं. बायांनी बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं, आणि मामा रुसून उपाशीच परतले. पण हटले नाहीत. "रिटायर व्हायच्या आत एकानं तरी विचारलं पायजे," हे ते मला दर भेटीत बजावत.

रिटायर व्हायच्या उन्हाळ्यातच पेपरात बातमी आली, की विश्व फुगण्याचा वेग चक्क वाढतोय. मामा पेपर घेऊन पडवीत घुसले. मामी उडदाचे पापड लाटत होत्या.

"ही मिरी बघ. लाटशील तशी परतेक मिरी दुसरीपासनं लांब जाती. आकाशगंगांचं तसंच. आमाला वाटायचं, लाटायचा जोर कमी हुत आलाय. पर न्हाई, वाढतुय!"

मामींनी लाटणं थांबवलं. "हितं मी हाय लाटाया. तितं कोण लाटतंय वो?"

मामा मटकन खालीच बसले. "ठावं न्हाई," डोळे पुसत म्हणाले. "कुणालाच ठावं न्हाई!" उत्तर येत नाही म्हणून इतका सुखावलेला मास्तर मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळपर्यंत "आमच्या मंडळींनी विचारलं" हे गावभर झालं.

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. परवा मामींना सांगितलं, की त्या जोराला शास्त्रज्ञ 'कृष्ण ऊर्जा' म्हणतात, पण ती काय आहे ते अजून कळलेलं नाही.

"नुस्तं नाव दिलंय व्हय?" मामी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लई इचारायचं राहिलं, जावईबापू. आता कुणाला इचारू?"