लोखंड्याचा नवस

खोपोली मागे पडली, घाट सुरू झाला आणि परेश पहिल्यांदाच माझ्या बरोबरीने चालायला लागला. तोवर तो पोरांच्या घोळक्यात, पालखीच्या पुढे, झेंडा धरून होता. आमच्या गावची पालखी दर चैत्रात उरणहून कार्ल्याला, एकविरा आईला चालत जाते. सगळ्यांचे सारखे भगवे टी-शर्ट, बायकांच्या सारख्या साड्या आणि मागून पाण्याचा टेम्पो. टेम्पोवर भावेश, माझ्या चुलत सासऱ्यांचा मुलगा. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"परेशदादा, ठरलं काय?"

"वरती गेल्यावर सांगतो."

"मी टीव्हीखाली जागा पुसून ठेवलीय हां," असं म्हणून तो पुढे गेला.

परेश माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा चौथीत होता, म्हणून त्याला भावजी म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. आता चाळिशीला टेकलाय. पोर्टात ट्रेलर चालवतो. गेटच्या लायनीत अर्धा दिवस गेला तरी हा हॉर्न वाजवत नाही. बाकीचे ड्रायव्हर एकमेकांच्या आईबहिणी काढतात, हा स्टेअरिंगवर कागद पसरून चणे खातो. लहानपणी दुसऱ्याच्या सायकलवर शिकताना खाडीच्या बांधावरून इतका चिखलात पडायचा, की सासूबाई त्याला आधी विहिरीवर उभा करून बादल्या ओतायच्या आणि मगच घरात घ्यायच्या. सायकलवाल्याला तो रोज एकच सांगायचा, "उद्या पण आण."

असा थंड माणूस गेल्या दिवाळीपासून बिघडला. टीव्हीला जोडायचा खेळाचा एक डबा त्याने कुणा ड्रायव्हरकडून जुना घेतला, आणि त्यात एक मारामारीचा खेळ होता. ड्युटीवरून आला की हातपाय धुऊन त्याच्यासमोर बसायचा, आणि उठायचा तेव्हा तोंड असं, की शेजारच्यांनी विचारावं, कोण गेलं?

पालखी निघाली त्या सकाळी त्याच्या बायकोने, हेमालीने, माझ्यासमोरच त्याला बजावलं होतं. "देवीच्या पायऱ्या चढशील तवर काय ते ठरव. खेळायचा तर माणसासारखा खेळ. न्हायतर डबा भावेशला देऊन टाक. रोजचं हे सुतकाचं तोंड मला नको." ती स्वतः सासूबाईंच्या पथ्यापाण्यासाठी घरी राहिली.

"वहिनी, तू सांग," परेश म्हणाला. "ठेवू का देऊ?"

"मला काय विचारतोस? मी आयुष्यात कधी पत्ते हातात धरले नाहीत."

"म्हणून तर विचारतो. खेळणाऱ्याला विचारलं तर तो ठेवच बोलणार."

"आधी नवस तर फेड. तुझ्या बॉसचं काम झालं ना?"

"झालं. मेला तो."

मी रस्त्याच्या कडेला थांबले. मागच्या बाया माझ्यावर आपटल्या.

आता हे नीट सांगायला हवं. महिन्याभरापूर्वी देवघरासमोर उभं राहून पुटपुटताना मी परेशला ऐकलं होतं. 'आई, तो बॉस मरू दे, चालत येईन तुझ्या डोंगरावर.' बाकीच्यांना त्याने बॉससाठी नवस बोललोय एवढंच सांगितलं, म्हणून त्यांना वाटलं, यार्डातला साहेब त्रास देतोय. शेजारच्या जनीआजीने तर साहेबाला सुबुद्धी व्हावी म्हणून नारळ दिला. मरणाचं फक्त मी ऐकलं होतं. कुणा माणसाचं मरण मागणं मला सोसवेना. म्हणून माझ्या पिशवीत एक ओटी घरची होती आणि दुसरी त्या साहेबाच्या आयुष्यासाठी. कुणाला न सांगता खण, तांदूळ, नारळ, सगळं वेगळं बांधून घेतलं होतं.

"परेश, कधी गेले रे ते?"

"कोण?"

"तुझे साहेब."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग तो इतका हसला, की झेंडा आडवा झाला. "वहिनी, साहेब ठणठणीत हाय. बॉस म्हणजे खेळातला. पडक्या किल्ल्याच्या दारात बसतो, अंगभर लोखंड, हातात हातोडा. त्याला मारल्याबिगर दार उघडत न्हाय."

म्हणजे उरणपासून खोपोलीपर्यंत मी एका लोखंडाच्या बाहुल्याच्या दीर्घायुष्याचा नारळ वाहत आले होते. मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागले.

"सांग मग, काय असतं त्या खेळात?"

त्याने सांगितलं. दारापर्यंत जायचं तर वाटेत हाडांचे सापळे उभे. त्यांना मारलं की मोती मिळतात. मोती जमले की अंगात ताकद येते. लोखंड्याने मारलं की आपण पुन्हा सुरुवातीला, सापळे पुन्हा उभे, आणि मोती जिथे मेलो तिथेच पडलेले. ते आणायला जाताना वाटेत मेलो तर तेही गेले.

"मग?"

"मग परत तेच सापळे मारायचे. त्याला ग्राइंडिंग बोलतात."

"मिक्सरसारखं?"

"तसंच. फक्त चटणी होत न्हाय."

"मजा येते?"

त्याने जरा विचार केला. "न्हाय."

"मग कशाला खेळतोस?"

"मेल्यावर कळतं कुठं चुकलो. ते कळलं की झोप येत न्हाय."

मला सासऱ्यांचं मिठागर आठवलं. उन्हाळाभर फळीने मीठ ओढायचे, आणि अवकाळी सर आली की सगळं पाण्याचं पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीचं पाणी आत घ्यायचे. मी तसं म्हणाले.

"ते पोटासाठी होतं," परेश म्हणाला. "याचं पोटाशी काय? उलट जेवण गार होतं."

हे खरं होतं. मी म्हणाले, "तर मग देऊन टाक."

"तसंच वाटतंय. पण कठीण हाय म्हणून देत न्हाय मी. कठिणाचं काय, लायसनच्या टेस्टला तीनदा नापास झालेलो. खेळ खोटा हाय म्हणून देतो."

"खोटा कसा?"

त्याने आवाज खाली आणला. पुढे डीजेवर देवीचं गाणं चालू होतं, तरी खाली आणला. "तो लोखंड्या माझ्याच्याने मेलाच न्हाय, वहिनी. नवस बोललो, झोपलो. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येऊन डबा चालू केला, तर लोखंड्या मेलेला, दार सताड उघडं. देवीने मारला. त्यानंतर मी डबा चालूच केला न्हाय. आता देवीशिवाय जो मरत न्हाय, तो माणसाने खेळायचा खेळ न्हाय. नवस फेडतो आणि डबा भावेशला देतो."

नवसाला पावण्यावर माझा विश्वास आहे. आमच्या घरात पाळणा हलला तो तिच्याच कृपेने. पण एकविरा आई टीव्ही लावून बसली असेल, हे काही मला पटेना.

"तुला कसं कळलं देवीच होती?"

"खूण सोडली ना तिनं. बटणांच्या रिमोटला हळद लागलेली. पिवळीधमक, बोटांचे ठसे."

"हळद."

"व्हय. मी पुसली पण न्हाय. कपाळाला लावली."

"लावताना वास आला?"

"आला."

"कसला?"

तो थोडा चालला. "बोंबलाचा."

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"देवी आपली हाय, वहिनी. आगऱ्या-कोळ्यांची. तिला बोंबील चालतो."

"चालतो रे. पण त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला काय होतं?"

वळणावर टेम्पो उभा होता. लोक सरबताला थांबले. परेश पेला हातात धरून नुसता उभा राहिला. मी सासूबाईंची चौकशी करायला घरी फोन लावला. गाण्यांच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून स्पीकर चालू केला.

"पाय सुजलं काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. तुम्ही औषध घेतलंत का?"

"औषध घेतलं, पन माजी मालिका काय बघायला मिलत न्हाय. जेवन झालं की ही बसते खेलाला. मी बोलते, हेमाले, हात तरी धू, तर बोलते, थांबा आई, आता मरतोच हा. एक हातोडेवाला मारला त्या दिवशी, तर आता कोन पंखवाली बाई आलीय. ती संपली की मालिका लावते बोलते. ती बाई काय संपत न्हाय."

मी फोन बंद केला. परेशच्या पेल्यातलं सरबत तसंच होतं.

"दुपारी खेळते," तो म्हणाला. "मी ड्युटीवर असताना."

"तू असताना तिला रिमोट कोण देतो?"

त्याने पेला ठेवला. हसेल की चिडेल ते मला कळेना. बायकोने जिंकलेलं सोसणारे पुरुष मी आमच्या गावात फार पाहिलेले नाहीत. पण त्याच्या मनात दुसरंच होतं.

"मग नवसाचं काय? मी उगाच चालतोय?"

"शब्द काय होते तुझे?"

"तो बॉस मरू दे."

"कुणाच्या हातून, ते बोलला होतास?"

"न्हाय."

"मग मेला की तो. चाल मुकाट्याने. देवीने त्या दिवशी ज्याचे हात मोकळे दिसले त्याच्याकडून करून घेतलं."

"मोकळे कुठं? बोंबलाच्या कालवणानं भरलेले."

मग मात्र तो हसला. पिशवीतल्या दुसऱ्या ओटीचं काय करायचं, ते मला तिथेच सुचलं. खण हिरवा होता. हेमालीच्या नावाने वर चढवायचा ठरवला.

पुढचं सगळं वळण परेश स्वतःशीच बोलत चालला. हात पुढे धरून बोटं हलवत होता. मागची बाई मला म्हणाली, "भावजी जप करतात वाटतं." मी हो म्हणाले.

भावेश परत आडवा आला. "दादा, काय ते सांग. मी वायर पण आणलीय."

"न्हाय देत."

"का? सकाळी तर बोललास खेळ फालतू हाय."

"सकाळी मला वाटत होतं तो मरतच न्हाय. माणसाच्या हातानं मरतो. खेळ खरा हाय." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि डबा माझ्या एकट्याचा न्हाय."

भावेशने माझ्याकडे बघितलं, मी पालखीकडे बघितलं. तो टेम्पो घेऊन गेला.

परेशने झेंडा खांद्यावर नीट केला. पोरांनी पुढून त्याला हाक मारली, तरी तो गेला नाही. माझ्याजवळ सरकला, आणि लहानपणी विहिरीवरून ओला येऊन टॉवेल मागायचा त्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरी गेलो की माझं एक काम कर. तुझ्याशी ती बोलेल, मला न्हाय सांगायची. तिला विचार, लोखंड्याने हातोडा उचलल्यावर ती डावीकडं पळाली का उजवीकडं. आणि मी विचारलं असं बोलू नको."