रेहानाभाभींचा नंबर

कळवणच्या सरकारी दवाखान्यात सकाळी माणसं रांगेत उभी राहत नाहीत, त्यांच्या चपला राहतात. आपला जोड ओळीत ठेवायचा आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. तो क्रम कुणी मोडत नाही. बांगड्या विकणाऱ्या रेहानाभाभी शुगर तपासायला येतात, तेव्हा त्यांचाच जोड सगळ्यांत पुढे असतो. तोंड असं फटकळ की कंपाउंडरही त्यांना वचकून असतो.

त्या सोमवारी डोंगराकडच्या वत्सलाबाई तापानं फणफणलेला नातू कडेवर घेऊन आल्या. पाय अनवाणी. ओळीत ठेवायला काहीच नाही, म्हणून बिचाऱ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नंतर आलेल्यांनी खुशाल आपापल्या चपला ओळीत लावल्या. काय हा न्याय!

"चप्पल नाय म्हणून नंबर नाय?" रेहानाभाभी कडाडल्या. "डॉक्टर पोराला तपासणार का खेटराला?" त्यांनी आपला जोड उचलला आणि वत्सलाबाईंच्या पायांशी ठेवला. "घाला, अन् जा आत. पहिला नंबर हाय."

थोड्या वेळानं वत्सलाबाई हसतच बाहेर आल्या. "साधा ताप हाय, भरती नाय करायची," त्या म्हणाल्या. नातू बिस्कीट मागत होता. त्यांनी चपला काढल्या, पदरानं पुसल्या आणि कुठे ठेवाव्यात म्हणून ओळीकडे पाहिलं.

पहिली जागा रिकामीच होती. लिंबाखालच्या एकानंही आपली चप्पल पुढे सरकवली नव्हती.