अर्धा अधिक अर्धा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं मटार सोलत होतो. बायको कॉम्प्युटरची शास्त्रज्ञ. मुलांना शिकवणारं यंत्र घडवण्यात तिचा जन्म गेला. मी चौथी नापास, म्हणून यंत्रातलं प्रत्येक गणित ती आधी माझ्यावर करून बघायची. अर्ध्यात अर्धा मिळवून मी पुन्हा अर्धाच लिहिला, तशी ती खूश.

"अहो, असं का केलंत?"

"अक्कल नाही म्हणून."

"ते माहितेय हो. पण का?"

रात्री ती झोपेतच गेली. दिवसभर तिचे विद्यार्थी येऊन सांगत होते, "मॅडम यंत्रात जिवंत आहेत." जिवंत, कप्पाळ! का चुकलास, हे विचारायला आपली पर्वा असलेलं माणूस लागतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्रात पुन्हा अर्धाच लिहिला. "छान प्रयत्न!" म्हणालं आणि पुढचं गणित दिलं. मी ते बंद केलं आणि उरलेले मटार सोलायला घेतले.