आडव्या फायली

दादरच्या सागरतीर्थ विद्यापीठात, शैक्षणिक विभागाच्या भिंतीला टेकून एक हिरवं लोखंडी कपाट उभं असायचं. त्यातली फाईल कुणी मागितली की उर्मिला घाडी खुर्चीतून न उठता सांगायची, "तिसरा खण, उजवीकडून चौथी." कधी चुकली नाही. चिंचपोकळीच्या चाळीत वाढलेली ही बाई टायपिस्ट म्हणून लागली आणि बावीस वर्षं त्याच कपाटासमोर बसून वरिष्ठ लिपिक झाली. काळजी करणं हे तिचं खरं काम होतं. पगार फायलींचा मिळायचा एवढंच.

त्या कपाटाची एक रीत होती. नवा अभ्यासक्रम सुरू करायचा तर आधी प्राध्यापकांचं मंडळ बसतं, मग विद्या परिषद. परिषदेत हात वर होतात, 'मंजूर' म्हणतात, चहा येतो. पण त्या मंजुरीत बहुतेक वेळा एखादी मेख राहिलेली असते. अमुक पत्र आलं की, तमुक शिक्षक नेमला की. इतिवृत्तात एवढं लांबण कोण लावणार? तिथे नुसतं 'मंजूर' असं लिहिलं जाई. म्हणून सगळं पुरं झालेली फाईल कपाटात उभी ठेवायची, आणि मेख शिल्लक असलेली आडवी. उर्मिलाच्या आधीच्या रमाबाई टेंबे निवृत्त होताना तिला बजावून गेल्या होत्या, "आडवी फाईल माहितीपुस्तिकेत जाऊ द्यायची नाही. कुलगुरू येऊन बसले तरी नाही."

बावीस वर्षांत एकही गेली नव्हती. आणि ही रीत कुठेही लिहिलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने सॉफ्टवेअर घेतलं. यापुढे छापील पुस्तिका नाही, सह्यांसाठी फाईल घेऊन जिने चढणं नाही. मंजुरी पडद्यावर, आणि मंजूर झालेला अभ्यासक्रम त्याच क्षणी मुलांच्या मोबाईलवर. उपकुलसचिव देवदत्त प्रधान हे काम बघत होते. माणूस सज्जन, गिरगावातल्या जुन्या घरातला, शिपायालाही अहो म्हणणारा. ते उर्मिलाला म्हणाले की घाडीबाई, तुमच्या डोक्यात जे आहे ते आता सगळ्यांना दिसेल. तिला ते ऐकून बरंही वाटलं होतं.

कंपनीची माणसं फायली स्कॅन करायला आली तेव्हा ती कणकवलीला होती, जावेच्या मुलाच्या लग्नात. तीन दिवसांची रजा. परत आली तर कपाट रिकामं. फायली सुतळीने बांधून गठ्ठ्यांनी व्हरांड्यात रचलेल्या, सगळ्या एकसारख्या. कुठली उभी होती नि कुठली आडवी, ते कॅमेऱ्याने टिपलं नव्हतं. टिपणार तरी कसं? पडद्यावर दोनच रंग होते. हिरवा म्हणजे मंजूर, लाल म्हणजे रोखलेला. परिषदेने मंजूर म्हटलं होतं, तेव्हा चारशे बाराच्या चारशे बारा हिरव्या.

उर्मिला पाणीही न पिता खुर्चीत बसली आणि आठवून आठवून आडव्या फायलींची नावं लिहू लागली. सहा आठवल्या. प्रधानांनी लगेच त्या सहा लाल करवल्या. "एवढ्याच ना?" त्यांनी विचारलं. तिने डोळे मिटून कपाटातले खण एकेक करून पाहिले आणि म्हणाली, एवढ्याच. मग 'तपासून बरोबर आढळले' या वाक्याखाली सही केली.

पुढच्याच महिन्यात तिच्या मुलीचा, प्राचीचा बारावीचा निकाल लागला. प्राची रक्त बघून तोंड न फिरवणारी पोरगी. शाळेत कुणाचा गुडघा फुटला की हिलाच बोलावत. खाली फरशीवर बसून ती मोबाईलवर विद्यापीठाची नवी यादी चाळत होती आणि एकदम म्हणाली, "आई, हे बघ. प्रयोगशाळा तंत्रज्ञान. तुझ्याच इथे." नावापुढे हिरवी खूण होती. उर्मिलाने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. पण तिने खूण पाहिली, पोरीचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "चांगलंय. भर फॉर्म."

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी मुलांनी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षणाला जायचं होतं. प्राचीने पांढरा एप्रन शिवून घेतला, खिशावर स्वतःच्या हाताने नाव भरलं. विभागाने अडतीस मुलांची यादी रुग्णालयाला पाठवली आणि आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या संस्थेशी आमचा कोणताही करार झालेला नाही.

व्हरांड्यातले गठ्ठे एव्हाना तळघरात हलवले होते. उर्मिला तिथे गेली. दुपारभर गठ्ठे सोडत राहिली. फाईल सापडली तेव्हा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जी स्कॅनमध्ये आलीच नव्हती, पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'रुग्णालयाचं संमतीपत्र बाकी. आडवी.' अक्षर तिचंच होतं.

रुग्णालयातल्या प्रशिक्षणाशिवाय या पदवीला तंत्रज्ञ म्हणून नोंदणी मिळत नाही. म्हणजे मुलं तीन वर्षं शिकणार, परीक्षा देणार, पदवी घेणार, आणि हातात येणार नुसता कागद.

प्रधानांनी तिला आत बोलावून दार लावलं. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. लोअर परळला त्यांच्या ओळखीची एक खासगी लॅब होती, ती संमतीपत्र द्यायला तयार होती, मागची तारीख घालून. ते स्कॅन करून फायलीत चढवायचं, आणि तपासणीच्या रकान्यात उर्मिलाने पुन्हा सही करायची. लॅबच्या पत्रावर नोंदणी मिळेल का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. मग खाली बघत म्हणाले, "घाडीबाई, तुमची मुलगीही त्याच वर्गात आहे. मी तुमच्यासाठीच सांगतोय."

त्यात खोट नव्हती, ते खरंच तिच्यासाठी सांगत होते. तेच तिला सोसवेना. सही केली तर मुलं आज सुखात राहणार आणि पदवी हातात आल्यावर उघड्यावर पडणार. नाही केली तर अभ्यासक्रम आजच बंद. मुलांना साध्या प्राणिशास्त्राच्या वर्गात ढकलणार, वर्ष वाया, आणि प्रयोगशाळेचं नाव कायमचं सुटलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. वैभव एका टॉवरमध्ये लिफ्टच्या देखभालीवर होता, पाळ्या करायचा, मोजकं बोलायचा. तो म्हणाला, "तिका आत्ताच सांगा नको." पण सही कर की नको कर, ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उर्मिलाने कोरा कागद घेतला. अशी टिपणी लिहायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती. अभ्यासक्रम अटीवर मंजूर होता, अट पुरी झालेली नाही, आणि यादी तपासल्याची सही माझी आहे, असं तिने लिहिलं आणि कागद कुलसचिवांच्या टपालात टाकला. चार दिवसांनी पडद्यावर त्या नावापुढची खूण लाल झाली. त्याच दिवशी तिच्या चौकशीचं पत्रही निघालं.

प्राचीला तिने रविवारी सकाळी सांगितलं. पोरगी एप्रनला इस्त्री करत होती. सगळं ऐकेपर्यंत तिने इस्त्री थांबवली नाही. मग ती उभी करून ठेवली आणि प्लग काढला.

"सहा आठवल्या, सातवी विसरलीस. ठीक आहे. माणूस विसरतं." ती म्हणाली. "पण मी तुला मोबाईल दाखवला होता. तेव्हा पण नाही आठवलं?"

खोटं बोलायला एवढी मोकळी वाट पुन्हा मिळणार नव्हती. उर्मिला म्हणाली, "आठवलं होतं."

"मग?"

"वाटलं, पत्र येईल. नेहमी येतं. आणि तू एवढी खूश होतीस."

"वा." प्राची एप्रनची घडी घालू लागली. "बाकीचे सदतीस पण खूश होते गं. त्यांच्या आया कुठे कामाला होत्या, विचारलंस?"

प्राचीने एप्रन प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर भिरकावली. त्यानंतर तिने आईला जेवायला वाढ, पंखा लाव, एवढं सांगणंही बंद केलं. स्वतः उठून करायची.

प्राणिशास्त्राला जाण्यासाठी मुलांचे बदलीचे अर्ज शैक्षणिक विभागाच्या खिडकीवर घ्यायचे ठरले. चौकशी चालू असली तरी दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे खिडकीत उर्मिलाच. ही बाई कोण, हे मुलांना आता ठाऊक झालं होतं. काहींचे पालक सोबत होते. एका आईने अर्ज देताना तिच्याकडे नुसतं पाहिलं, फार वेळ. उर्मिला प्रत्येक अर्ज तपासायची, शिक्का मारायची आणि बाजूच्या खोक्यात उभा लावायची.

सदतीस झाले. अडतिसावा अर्ज खिडकीतून आत सरकला, आणि त्यामागची बोटं तिने ओळखली.

"बदलीचा फॉर्म, मॅडम."

उर्मिलाने तो इतरांच्या अर्जांसारखाच वरून खाली वाचला. नाव, बैठक क्रमांक, कारण: अभ्यासक्रम बंद. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"पालकाची सही राहिली आहे," ती म्हणाली. पेन तिच्या हातातच होतं.

प्राचीने पेनाकडे पाहिलं. "बाबा उद्या पाळीवरून आले की घेते. तोपर्यंत ठेवून घ्या."

ती वळली आणि व्हरांड्यातून निघून गेली. तिची पाठ जिन्यापर्यंत दिसत होती. उर्मिलाने पेनाला टोपण लावलं, अर्ज उचलला, आणि खोक्यातल्या उभ्या अर्जांवर आडवा ठेवला.