फिलाडेल्फियातली बाही

दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबू लागल्या, तेव्हाच आम्ही फिलाडेल्फियाला निघालो. तिकिटं मंदीच्या आधीच काढलेली होती. नवऱ्याला कंपनीने बिनपगारी रजेवर पाठवलं होतं. आयुष्यभर टॉवर उभे करणारा हा इंजिनिअर आता दिवसभर घरी बसून मला कुकर कसा लावावा ते शिकवायचा. त्यामुळे जाणं भागच होतं.

तिथे राहणाऱ्या नणंदेने हौसेने भावाला जुनं शहर दाखवायला घेतलं. विटांची घरं, अरुंद गल्ल्या, दगडी फरसबंदी. आम्ही दोघी दारांचे रंग बघायचो आणि हा एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का ते बघायचा. एकही नव्हती, आणि त्याने ते दर वेळी सांगितलं. तिथली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याची म्हणून प्रसिद्ध, तडा गेलेली घंटा बघायला लोक रांगेत शांतपणे उभे होते. याने गाइडबाईंना विचारलं, अजून बदलली कशी नाही? नणंद खांबाआड जाऊन उभी राहिली.

मग एका दुपारी तिने आम्हाला एका हॉलमध्ये नेलं. एका इमारतीच्या भिंतीवर लावायचं भलंमोठं चित्र तिथे कापडाच्या तुकड्यांवर रंगवत होते. येईल त्याला ब्रश मिळत होता. याच्या वाट्याला निळ्या रंगाचा एक तुकडा आला. आम्ही बाहेर कॉफी पिऊन, दुकानं पालथी घालून परत आलो, तरी हा वाकून रंगवतच होता.

"अहो, चला आता."

"थांब, कडा राहिल्यात."

शेवटी त्याने तिथल्या चित्रकाराला विचारलं, हे नेमकं आहे काय? एका आजीची बाही, असं कळलं. बाहेर आल्यावर तो बोटांना लागलेला निळा रंग बघत होता.

"अगं, माझा टॉवर काही आता पुरा होत नाही," तो म्हणाला. "ही बाही तरी भिंतीवर चढेल."

परतल्यावर नोकरी खलास झाली. काही महिन्यांनी दुबईपासून तीन-चार तासांवरच्या रुवैसच्या रिफायनरीत काम मिळालं. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून तो गुरुवारी रात्री घरी यायचा आणि शनिवारी सकाळी दुबईतल्या ऊद मेथाला लहान मुलांच्या चित्रकलेच्या क्लासला स्वतःच शिकायला जायचा. तिथल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा.

"अंकल, इज दॅट अ डॉग?" शेजारच्या मुलीने एकदा विचारलं.

तो उंट होता.

शिक्षिका मात्र दर वेळी 'नाइस ट्राय' म्हणायच्या. त्याला ते कौतुक वाटायचं, आणि मीही कधी अर्थ समजावत बसले नाही.